दोन मिनिटं बसायचं

सुभेदारांची शिट्टी वाजली की बाकीचे अकरा जण मटकन खाली बसत आणि धाकू तेवढा उभाच राही.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. बाळकुमजवळच्या एका कारखान्याने कबड्डीचा संघ उभा केला आणि गावात चढाईसाठी नावाजलेल्या धाकूला त्यात घेतलं. कारखान्यात तो अकरा वर्षं बदली कामगार होता. कोणी रजेवर गेलं तर काम, नाहीतर घरी. संघातल्या एका बदलीवाल्याला दिवाळीपर्यंत कायम करणार, अशी कुजबुज होती. सगळं कारखान्याचे मॅनेजर भागवतसाहेब यांच्या मर्जीवर होतं, आणि मैदान नेमकं साहेबांच्या खिडकीखाली.

संघाला शिकवायला आलेले दामाजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले. लडाखात गोठलेल्या तळ्यावर बुटांना पाती लावून जवान हॉकी खेळत, त्यांतले ते एक.

"तिथं गडी पाऊण मिनिट जीव खाऊन पळतो," ते सांगत, "मग दोन मिनिटं बाकावर. गप बसायचं, दम खायचा. बसनं हीच निम्मी तालीम. ज्याला बसता येत न्हाई त्यो बर्फावर तोंडघशी पडतो."

"पन इथं बर्फ कुठाय, सुभेदार?" चंदूने विचारलं. चंदू धाकूच्याच आळीतला, पण कायम नोकरीवाला. त्याला असले प्रश्न परवडत.

"बर्फ नसंल, बूड तर हाय ना? टेकव ते!"

पळण्यात धाकू कोणाला हार जाणारा नव्हता. घोडं अडत होतं बसण्यात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाय भरून आले म्हणून तो उपड्या पिंपावर जरा टेकला, नेमका फोरमन आला, आणि तीन महिने त्याचं नाव यादीवर लागलं नाही. तेव्हापासून कारखान्याच्या कुंपणाच्या आत धाकू बसलाच नव्हता. डबासुद्धा उभ्यानेच खाई.

त्यामुळे शिट्टी झाली की तो मैदानातले खडे वेची, नाहीतर पाणी मारी.

"धाकू, दम खाल्ला न्हाईस," सुभेदार ओरडत. "आनखी एक फेरी!"

फेरी झाली की पुन्हा शिट्टी, पुन्हा खडे, पुन्हा फेरी. बाकीच्यांच्या सहा फेऱ्या होत तेव्हा याच्या अकरा. चौथ्या आठवड्यात तो पळता पळता आडवाच झाला. पडल्या पडल्या त्याने वर पाहिलं. खिडकीत चष्मा चमकला. आपण उगाच पडलेलो नाही हे दिसावं म्हणून तो तिथल्या तिथे गवत उपटायला लागला.

संध्याकाळी शेवंती त्याच्या पायांना तेल चोळत म्हणाली, "पलून पलून काटकी झाली तुमची. जरा बसलाव तं काय आभाल कोसलंल?"

"सायेब बगतो गो वरशी," धाकू कण्हला.

दुसऱ्या दिवशी शिपाई आला. "धाकू, भागवतसाहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

"मेलास," चंदू म्हणाला. "बसलेलास की काय?"

"पडलेलो रे! बसलेलो नाय!"

धाकू जिना चढला. अकरा वर्षांवर पाणी पडणार, याची त्याला खात्रीच वाटत होती.

"बसा," साहेब म्हणाले.

हीच परीक्षा, धाकूने ओळखलं. "नको, सायेब."

"अहो, बसा की."

"मी कवाच बसत नाय, सायेब. काल पाय घसरला."

साहेबांनी चष्मा काढला. "तेच पाहतोय महिनाभर. शिट्टी झाली की सगळे बसतात, तुम्ही एकटे कामाला लागता. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत. एक तारखेपासून तुम्ही कायम."

धाकूचे डोळे भरून आले. काम कोणतं, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही.

एक तारखेला त्याला खाकी कपडे मिळाले, काठी मिळाली आणि गेटजवळ एक स्टूल मिळालं. तिथले जुने वॉचमन भाऊ म्हणाले, "गाडी आली की गेट उघडायचं. बाकी आठ तास या स्टुलावर बसायचं."

"बसायचं?" धाकूच्या अंगावर काटा आला.

तीन दिवस तो स्टुलाशेजारी उभा राहिला. पाय सुजून बूट चढेनात. चौथ्या दिवशी सुभेदार गेटातून आत आले, त्यांनी ते पाय पाहिले आणि खिशातून शिट्टी काढून जोरात फुंकली.

"धाकू, बस! दोन मिनिटं. हुकूम हाय."

धाकू घाबरून खाली बसला. अकरा वर्षांचा शीण पायांतून उतरायला लागला. असं सुख असतं हे त्याला माहीतच नव्हतं.

इतक्यात गेटबाहेर साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

धाकू उठायला गेला, पण पाय ऐकेनात. हॉर्न पुन्हा वाजला. साहेबांनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं. "अहो, हे काय चाललंय?"

"सुभेदार, मेलो!" धाकू पुटपुटला. "एक तारखेला कायम झालो नि आज सुटनार!"

सुभेदारांनी शांतपणे मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "दम खातोय, साहेब. चाळीस सेकंद ऱ्हायलेत."

धाकूने देवाचं नाव घेऊन डोळे गच्च मिटले. पण उठला नाही.