गोदामातल्या अडलेल्या लेबलांचं प्रकरण

आपण नुसती भुवई उचलली की गुन्हेगार पोपटासारखा बोलू लागतो, असं भावोजींचं स्वतःविषयी ठाम मत होतं. आजवर एकही बोलला नव्हता. पण तो गुन्हेगारांचा निगरगट्टपणा. एरवी भावोजी तीन टेबलांच्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक होते. दुसरं टेबल त्यांच्या बायकोचं, म्हणजे ताईचं, हिशेबाचं. तिसऱ्यावर मेहुणी बसायची आणि प्रत्येक तपासात मदतनीस म्हणून नाहक भरडली जायची.

त्या सकाळी गोदामवाल्यांचा फोन आला. मेहुणीने वर्षभर खपून लेबलं छापणारी लायब्ररी लिहिली होती; इतरांनी ती आपल्या प्रोग्रॅमला जोडायची आणि आयती वापरायची. गोदामवाले तिचं एकुलतं एक गिऱ्हाईक. नवी आवृत्ती घेतल्यापासून त्यांचा प्रोग्रॅम 'अशी फाईलच नाही' म्हणून अडून बसला होता. दुपारपर्यंत चाललं नाही तर ते दुसऱ्या कुणाची लायब्ररी घेणार होते. मेहुणीने चहा तसाच टाकून लायब्ररी उघडली.

"फाईल पळवली आहे," भावोजी म्हणाले.

मेहुणीने फाईल जागेवर दाखवली. मग ती तोतया आहे, असं ठरलं. मग संशय गोदामाच्या प्रोग्रॅमरवर गेला, कारण तो फोनवर फारच गोड बोलला होता. शेवटी भावोजींनी मेहुणीकडेच पाहून भुवई उचलली. तिने कपाळाला हात लावला.

ताईने हिशेबातून मान वर न करता विचारलं, "अहो, परवा जेवताना तुम्हीच सांगत होतात ना, लायब्ररीला शिस्त लावली म्हणून? आतल्या खोल्या बंद, बाहेरच्यांनी फक्त पुढच्या दाराने यायचं?"

भावोजींना एकदम खोकला आला.

मॉड्यूलची, म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे भाग बांधायची, नवी पद्धत तशीच होती. बाहेर द्यायचं ते जाहीर करायचं, बाकीचं परक्यांना दिसतच नाही. भावोजींनी पुढचं दार तेवढं जाहीर केलं होतं आणि गोदामवाले बिचारे पहिल्यापासून मागच्या दाराने, थेट आतल्या फाईलकडे यायचे. ऑफिसात तपासताना काहीच अडलं नव्हतं, कारण घरच्यांना कुठलंच दार बंद नव्हतं.

मेहुणीने एक ओळ लिहून मागचंही दार जाहीर केलं. थोड्या वेळाने फोन आला: लेबलं निघाली, लायब्ररी तुमचीच ठेवतो. तिला इतकं हायसं वाटलं की भावोजींवर चिडायचं राहूनच गेलं.

भावोजी खुर्चीत मागे रेलले. "माझा अंदाज खरा ठरला. गुन्हेगार घरचाच निघाला. आणि सांगतो, माणूस असाधारण बुद्धीचा असला पाहिजे."

ताईने पहिल्यांदाच मान वर केली आणि भुवई उचलली.

"मीच केलं," भावोजी म्हणाले.