राठोड सिस्टरचा डावा हात

राठोड सिस्टर माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी मनगट. लेकीला बघायला आलेल्या मुलाच्या हातात चहाचा कप देता देता त्यांनी त्याला निरखलं आणि आत येऊन निकाल दिला, "पोरगं बराबर हाय. शिरा एक नंबर." लग्न तिथेच ठरलं.

मी आमच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा सलाईन लावायला शिकले होते ती मोबाईलवर. भाजी फोडणीला टाकता टाकता व्हिडिओ पाहिला, दहा प्रश्न सोडवले, प्रमाणपत्र आलं. व्हिडिओत रबरी हात होता, त्यावर ठळक निळी शीर. आमच्याकडे बायका येतात हळद शिजवून. हात कोपरापर्यंत पिवळे, कातडी राठ, शीर कुठे आहे देवाला ठाऊक. पहिल्याच बाईला मी चारदा टोचलं. रडले मात्र मीच. नोकरी सोडायची असं मनाशी ठरवूनही टाकलं.

सिस्टरनी माझं प्रमाणपत्र शांतपणे वाचलं. "मोबाईलला शीर असती व्हय?" म्हणाल्या आणि एप्रनची डावी बाही वर सारली. "टोच. डोळ्यानं न्हाई, बोटानं बघ."

"सिस्टर, तुम्हाला दुखेल."

"मंग कुणाला दुखावं? त्या हळदवालीला?"

तेव्हापासून दर सोमवारी ओपीडी संपली की माझी शिकवणी. एकदा उजवा हात मागितला, तर म्हणाल्या, "अन् भाकरी काय तू थापशील?"

दोनेक महिन्यांनी उलट्या-जुलाबानं निपचित पडलेली एक बाई आली. डॉक्टर बाहेरगावी होते. सिस्टर दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. मी डोळे मिटून बोट फिरवलं. शीर लागली, आणि सुई एकदाच टोचावी लागली. शाबासकीच्या आशेनं वळले, तर त्या बाही खाली ओढत होत्या. "जमलं तुला," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. लेक पुण्याला असते. कुरुंदा गावातल्या घरात आता त्या एकट्याच. सोमवारी दुपारी त्यांचा फोन येतो.

"बसला का हात? का विसरून राहिली?"

माझा हात आता सहसा चुकत नाही. पण मी सांगते, "नाही ना सिस्टर. अवघड शीर अजून सापडत नाही."

"मंग ये."

मी जाते. सुई नेत नाही, त्याही विचारत नाहीत. बाही वर करून डावा हात माझ्यापुढे ठेवतात. मी शिरेवर बोट ठेवते. चहा पार निवून जातो, तरी दोघींपैकी कुणी हात काढून घेत नाही.