दहा पावलांवरचा मॉनिटर

अक्षराच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये, असं पेंटरांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी कोणापासून लपवून ठेवलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अर्ध्या बाजाराची नावं त्यांच्या ब्रशातून उतरलेली. आता वय एकाहत्तर, हात थोडा थरथरायचा, पण चौकात शिरणाऱ्या बसवर कुठला आकडा आहे हे ते अजूनही बस वळायच्या आत सांगत. जवळचं मात्र चष्म्याशिवाय दिसत नसे. पण जवळचं बघायची गरज पडते कोणाला, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या सुनेला पडायची. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला तो पातळ कागद असतो ना, जो आपण न वाचता फेकून देतो, तो छापायला जाण्याआधी तपासायचं तिचं काम. घरीच बसून, लॅपटॉपवर. मुंग्यांनी सभा भरवावी तशी त्यावर अक्षरं. गेल्या महिन्यात तिच्या नजरेतून एक दशांशाचं टिंब निसटलं आणि औषधाचा अर्धा चमचा पाच चमचे झाला. छापखान्यात कोणीतरी वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. पण ऑफिसने बजावलं की आणखी एक चूक झाली तर हे काम दुसऱ्याकडे जाईल. पुढचा कागद शनिवारी दुपारपर्यंत तपासून द्यायचा होता, आणि तो उलगडला तर धोतराएवढा होईल असा होता.

म्हणून सुनेने लॅपटॉपला जोडायला एक मोठा, बारीक अक्षरही स्वच्छ दाखवणारा मॉनिटर घ्यायचं ठरवलं. मागवला तर सोमवारी येणार. तिला स्वतःला खुर्चीवरून हलायची सोय नाही. नवरा जहाजावर, त्याच्या पायाला महिनाभर जमीन लागलेली नाही. शेवटी गुरुवारी सकाळी तिने सासऱ्यांच्या हातात चिठ्ठी ठेवली. सत्तावीस इंच. फोर-के. लॅपटॉप एकाच वायरीने जोडता यावा.

लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण सुनेने त्यांच्याकडे काही मागितलं असं हे पहिल्यांदाच. पेंटरांनी इस्त्रीचा शर्ट काढला, भांग पाडला.

"अहो, चिठ्ठीत लिहिलंय तेच आणा," बायको दारातून म्हणाली.

"मला वाचता येतं."

"वाचता येतं हो. ऐकता येतं का ते विचारतेय."

एवढ्या बोलण्यात जवळचा चष्मा घरीच राहिला.

दुकानात चाळीसेक मॉनिटर भिंतीला लावलेले, आणि सगळ्यांवर एकच पोपट. पेंटर पहिल्यासमोर नाक नेऊन उभे राहिले. पोपट धूसर. दुसऱ्यावरही धूसर. दहा पोपट बघून झाल्यावर त्यांनी निकाल दिला की जवळून सगळे सारखेच भिकार आहेत.

विक्री करणारी बाई पन्नाशीची, सहनशील होती. तिने चिठ्ठी वाचून सत्तावीस इंचाचा एक मॉनिटर पुढे केला आणि समजावलं की चित्र ठिपक्यांचं बनतं. याच्यात ठिपके फार बारीक आणि दाट, म्हणून हातभर अंतरावरून वाचलं तरी अक्षराच्या कडा तुटत नाहीत. पेंटरांनी तिला मध्येच थांबवलं. अक्षराची परीक्षा कशी घेतात हे आता तिने बघावं, म्हणाले. मग दुकानाच्या दारापर्यंत मोजून दहा पावलं मागे गेले आणि वळले.

दहा पावलांवरून सत्तावीस इंच म्हणजे भिंतीला डकवलेलं पोस्टकार्ड! पण कोपऱ्यात एक त्रेचाळीस इंची होता. त्यावर लिहिलेलं 'आजची सवलत' असं उठून दिसत होतं की पेंटरांना स्वतःच्या तरुणपणीच्या पाट्या आठवल्या.

"तो," ते म्हणाले.

बाईंनी दोनदा सांगितलं की तो दुकानात जाहिरात लावायचा आहे. त्यात ठिपके सत्तावीस इंचीच्या पाव पटच आहेत, तेही मोठ्या जागेवर पसरलेले. वायरीही वेगळ्या लागतील. पेंटरांना त्यातलं 'दुकानात लावायचा' एवढंच मनापासून पटलं. किंमत जवळपास तीच, आणि माल दीडपट! लांबून वाचता आलं तर ते अक्षर, बाकी सगळी रांगोळी, असं बाईंना ऐकवून ते टेम्पोत खोक्याशेजारी बसले. उभ्या आयुष्यात एवढे ताठ ते फक्त फोटो काढताना बसले होते.

खोकं दारातून आडवं आत येईना. उभं आलं, पण वरच्या दिव्याला धक्का देऊन. टेबलावर मॉनिटर नीट उभा राहीना, तेव्हा भिंतीचा आधार मिळावा म्हणून टेबलच भिंतीला लावलं. खिडकीसमोरची तेवढी एकच भिंत मोकळी होती. एका वायरीने लॅपटॉप जोडला जाईना, म्हणून तीन वायरी आल्या. त्यातली एक खोलीच्या मधून जात होती आणि तिच्यावरून जाताना बायको दर वेळी पाय उचलून पेंटरांकडे बघायची. बोलायची काही नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

सुनेने कागद उघडला. जवळून बघितलं तर प्रत्येक अक्षराला जिन्याच्या पायऱ्या. ती खुर्ची हातभर मागे सरकली. मग आणखी हातभर. शेवटी तिची पाठ खिडकीला टेकली तेव्हा कुठे पायऱ्या दिसेनाशा झाल्या. पण तिथून अक्षरं वाचता येईनात, म्हणून तिने ती मोठी केली. एकेक अक्षर तळहाताएवढं झालं आणि धोतराएवढ्या कागदातल्या एका वेळी फक्त चार ओळी मावू लागल्या.

"कसं आहे?" पेंटरांनी विचारलं.

सून हसून म्हणाली, "खूप मोठं आहे, बाबा."

पेंटरांनी हे कौतुक म्हणून घेतलं आणि त्या दिवशी घरात आल्यागेल्या प्रत्येकाला दहा पावलं मागे उभं करून मॉनिटर दाखवला.

शुक्रवारी संध्याकाळी, दिवे लागल्यावर, पेंटर दूध आणायला बाहेर पडले. घर तळमजल्यावरचं, खिडकी थेट रस्त्यावर, आणि रस्त्यापलीकडे लाँड्री. दूध घेऊन येताना लाँड्रीपुढे दोन-तीन गिऱ्हाइकं कपड्यांचे गठ्ठे घेऊन उभी दिसली. लाँड्रीवाल्याची इस्त्री वाफ सोडत एका जागी थांबलेली. सगळे एकाच दिशेला बघत होते. पेंटरांनीही बघितलं.

त्यांचीच खिडकी. सुनेचं डोकं पाठमोरं, आणि डोक्यावर, भिंतभर, उजळून निघालेला मॉनिटर. सून तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला निरोप लिहीत होती. अक्षरं अशी ठसठशीत की पेंटरांना चष्म्याची आठवणही झाली नाही.

'मॉनिटर चुकीचा आलाय. यावर टिंब आहे की धूळ तेच कळत नाही. पण बाबांना सांगणार नाही. आणताना एवढे खूश होते, जशी काही मुलगी पसंत करून आलेत. उद्याचं काम लॅपटॉपवरच डोळे फोडून करीन. काम गेलं तर दुसरं बघेन. सासरे कुठे दुसरे बघू?'

पेंटर तिथेच उभे राहिले. आजवर रस्त्यापलीकडून त्यांनी हजार पाट्या वाचल्या होत्या, पण एकही पाटी त्यांना उद्देशून नव्हती.

"मनावर घेऊ नका, पेंटर," लाँड्रीवाला हलकेच म्हणाला.

तो कालपासून वाचत होता. सगळं वाचत होता. काल सूनबाईंच्या मीटिंगमध्ये साहेब शिंकले तर इथे शर्टाची कॉलर जळली, असं त्याने सांगितलं. गठ्ठेवाली एक बाई म्हणाली, सून मात्र गुणी आहे हो तुमची. पेंटरांनी मान हलवली. दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

दुकान आठला बंद होणार होतं आणि पावणेसात वाजले होते. निरोप पाठवून सून पुन्हा कागदाकडे वळली होती. पेंटर घरात शिरले ते थेट वायरी उपटायलाच. सून दचकून उठली. त्यांनी सांगून टाकलं की दुकानातून फोन आला होता, त्यांच्याकडून चुकून भलताच माल गेलाय, परत मागतायत.

"पण बाबा, तुमचा फोन तर..." सुनेने कपाटाकडे बघितलं. फोन दुपारपासून तिथे चार्ज होत पडला होता.

"आला होता," बायको आतून म्हणाली. "मी घेतला. निघा आता, उशीर होईल. आणि चष्मा घ्या."

तेहतीस वर्षांपूर्वीच्या एका भांडणानंतर ती दोघं एवढी एकमताने कधी वागली नव्हती.

दुकानातल्या बाईंनी खोकं बघितलं, पेंटरांना बघितलं आणि परतीचा कागद पुढे ओढला. बिघाड असेल तरच बदलून मिळेल, म्हणाल्या.

"काय बिघडलंय, काका?"

"काही नाही."

"नीट दिसत नाही?"

"दिसतं. समोरच्या लाँड्रीपर्यंत दिसतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग पेंटरांनी सगळं सांगितलं. टिंबाचं सांगितलं, सुनेच्या नोकरीचं सांगितलं, खिडकीचं तर जास्तच सांगितलं. आणि हेही कबूल केलं की एका डब्याचा रंग चार भिंतींवर ओढला तर खालचा चुना दिसणारच, हे पोराटोरांना शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'गरजेपेक्षा जास्त दिसतो', आणि शिक्का मारला.

मग पेंटरांनी एक स्टूल ओढून घेतलं. चष्मा लावून ते सत्तावीस इंची मॉनिटरसमोर हातभर अंतरावर बसले. पोपट बंद करायला लावला आणि औषधाचा एखादा कागद उघडून मागितला. बोटाने एकेक टिंब मोजत पहिलं पान त्यांनी संपवलं तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बाई शटर अर्धं ओढून उभ्या होत्या. एकवीस टिंबं होती. एकही धूळ नव्हती.

शनिवारी सकाळी टेबल आपल्या जुन्या जागी गेलं, खिडकीकडे पाठ करून. त्यावर सत्तावीस इंची मॉनिटर, लॅपटॉपला एकच वायर. सून पुढे झुकून, ओळीवर ओळ उतरत होती. पेंटर शेजारी बसले होते, पण तोंड मिटून, म्हणजे त्यांच्या दृष्टीने आजारी असल्यासारखेच. अकराच्या सुमाराला ती थबकली. लहान मुलांच्या मात्रेच्या ओळीत शून्य आणि पाचच्या मध्ये जागा होती, पण टिंब नव्हतं. तिने तिथे खूण केली. मग खुर्चीत मागे टेकली आणि पहिल्यांदा सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, दुकानदाराने बरं झालं वेळेवर फोन केला."

"हो ना," पेंटर म्हणाले. "भला माणूस."

साडेबाराला कागद गेला. एक वाजता ऑफिसचं उत्तर आलं की टिंब पकडल्याबद्दल आभार आणि सोमवारपासून पुढचे तीन कागद तिच्याकडेच. पेंटरांना वाटलं, ही बातमी कोणाला तरी सांगितली पाहिजे. ते छाती काढून बाहेर आले, तर लाँड्रीवाला रस्ता ओलांडून त्यांच्याकडेच येत होता. चेहरा उतरलेला.

"पेंटर, मॉनिटर फिरवलात तुम्ही."

पेंटरांनी मोठ्या मनाने सांगितलं की सुनेच्या कामाचा प्रश्न होता, लोकांचा विचार करून कसं चालेल.

"ते ठीक आहे हो," लाँड्रीवाला म्हणाला. "पण काल त्या कागदात माझ्याच गुडघ्याचं औषध चाललं होतं. 'ही गोळी चुकूनही' इथपर्यंत वाचलं आणि तुम्ही वायरी उपटल्या. तेवढं आत विचारून सांगा ना. दोन घेतल्यात मी सकाळपासून."