सायलसचा प्राथमिक आक्षेप

सायलस ओडुओर वर्गातून खोलीवर परतला, तेव्हा खिडकीचा पडदा जळून गेला होता, भिंत काळी ठिक्कर पडली होती आणि किप्रोनो कोळसा झालेल्या गिथेरीचं पातेलं हातात धरून उभा होता.

"मका-घेवडा शिजायला वेळ लागतो म्हणून ठेवलं होतं रे," किप्रोनो रडवेल्या आवाजात म्हणाला. "वॉर्डातून बोलावणं आलं आणि शेगडीची कॉइल बंद करायचं राहूनच गेलं."

नैरोबीच्या त्या वैद्यकीय वसतिगृहात खोलीत स्वयंपाक करायला सक्त मनाई होती, त्यामुळे सगळेच खोलीत स्वयंपाक करत. किप्रोनो डॉक्टरकीचा. सायलस मात्र एलएलएमचा. देशोदेशींच्या कंपन्या एकमेकींना कुठल्या कोर्टात खेचतात, हा त्याचा विषय. कायद्याच्या वसतिगृहात जागा नव्हती म्हणून त्याला इथे आणून टाकलं होतं. प्रबंध अर्धा झाला होता, आणि तो होत होता तो केवळ या खोलीमुळे. सियायाला घरी माणसं उदंड आणि टेबल एकच, तेही कोंबड्यांनी बळकावलेलं. ही खोली गेली असती तर पदवीही गेली असती, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

दुसऱ्या दिवशी दोघांना वसतिगृह समितीची नोटीस आली. किप्रोनो गेला, सगळं कबूल केलं, थोडा रडला आणि भिंत रंगवायची शिक्षा घेऊन जेवायच्या आत परत आला.

"तुझी वाट बघतायत," तो म्हणाला. "'मी तेव्हा खोलीत नव्हतो' एवढं म्हण. विषय संपला."

"तेच तर म्हणायचं नाही."

"अरे, पण तू नव्हतासच ना?"

"नव्हतो. पण तो मूळ मुद्दा झाला. परक्या कोर्टात मूळ मुद्द्यावर तोंड उघडलं की आपण त्या कोर्टाला मानलं असं धरतात. माझ्या प्रबंधाच्या वांजेरी मॅडम म्हणतात, अशाने भल्याभल्या कंपन्या बुडाल्यात."

"तू कंपनी आहेस का, बाबा?" किप्रोनोने विचारलं, पण सायलस तोवर आक्षेप लिहायला बसला होता.

समितीच्या अध्यक्षा डॉक्टर नाफुला शरीररचनाशास्त्र शिकवत. उभा जन्म प्रेतांच्या सहवासात गेल्यामुळे, समोरचा उत्तर देत नाही याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांनी दुसरी नोटीस दाराखालून सरकवली. सायलसने ती काठीने परत बाहेर ढकलली. अशी सरकवलेली नोटीस बजावली गेली असं होत नाही. मग शिपाई हातात द्यायला आला, तर हा पलंगाखाली. पुढे शिपाई व्हरांड्यातच खुर्ची टाकून बसू लागला आणि सायलसचं वर्गात जाणं बंद झालं. किप्रोनो खाणावळीतून मक्याची उगाली आणून देई आणि दरवेळी हात जोडून म्हणे, "भावा, एक वाक्य रे, एकच वाक्य!"

प्रबंधाच्या चर्चेला तो गैरहजर राहिला, तेव्हा वांजेरी मॅडमचा फोन आला.

"ओडुओर, आजारी आहेस का?"

"नाही मॅडम. नोटीस टाळतोय."

"कुठल्या देशाची?"

"वसतिगृहाची."

मॅडमनी फोन ठेवून दिला. सायलसला वाटलं, रेंज गेली.

अखेर त्याचा आक्षेप तयार झाला. दोन महाविद्यालयांमधला करार, पाहुण्या विद्यार्थ्याचं स्थान, समितीच्या अधिकाराची हद्द; काही म्हणून सोडलं नव्हतं. फक्त आग लागली तेव्हा आपण कुठे होतो, तेवढं त्यात कुठेही नव्हतं. तो समितीपुढे उभा राहिला, खुर्ची नाकारली, चहा नाकारला आणि सगळा आक्षेप घसा बसेपर्यंत वाचून दाखवला.

डॉक्टर नाफुलांनी चष्मा पुसला. "पटलं मला. तुझ्यावर आमचा काहीच अधिकार नाही."

सायलसचा ऊर भरून आला. आयुष्यातला पहिला खटला तो जिंकला होता. त्याने वाकून सगळ्यांचे आभार मानले.

"आता एक अडचण," डॉक्टर म्हणाल्या. "तुला खोली याच समितीने दिली होती. अधिकारच नव्हता तर तीही देता आली नसती. संध्याकाळपर्यंत रिकामी कर."

सायलस धावत कायद्याच्या वसतिगृहात गेला. तिथल्या कारकुनाने नाव शोधलं आणि मान हलवली. "तुम्ही मेडिकलकडे गेलात ना? मग आमचा काय संबंध? सरका जरा, मागे रांग आहे."

तो परत आला तेव्हा त्याची गादी व्हरांड्यात पडली होती. किप्रोनो त्याची पुस्तकं खोक्यात भरत होता आणि भरता भरता डोळे पुसत होता. खोलीत दंतवैद्यकाचा एक विद्यार्थी नव्या पडद्याचं माप घेत होता. प्रतीक्षा यादीत त्याचाच नंबर होता.

सायलस डॉक्टर नाफुलांच्या दारात जाऊन उभा राहिला. "मॅडम, मी तेव्हा खोलीत नव्हतो. वर्गात होतो."

"माहीत आहे रे. किप्रोनोने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मी समितीला मानतो, मॅडम. लिहून देतो. आत्ता देतो."

डॉक्टरांनी त्याचा आक्षेप काढला आणि पानं उलटली. "हे बघ, तूच लिहिलंयस. 'ज्याला मुळात अधिकार नाही, त्याला तो समोरच्याच्या संमतीनेही मिळत नाही.' फार चांगलं लिहितोस तू. आमच्या पोरांना एक वाक्य धड लिहिता येत नाही."

"मग मी आता जाऊ कुठे?"

डॉक्टरांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी कागद नीट घडी घालून त्याच्या हातात दिले.

"त्याबद्दल काही सांगायचा," त्या हळूच म्हणाल्या, "मला अधिकार नाही, बाळा."