कुमुदिनीबाईंची जास्वंद आणि भास्कररावांचा श्वास

बाळांनो, एका जंगलात, जिथे झाडांना काहीच तोटा नव्हता, तिथल्या कुमुदिनी नावाच्या अस्वलिणीला घरात झाड हवे होते.

घरात म्हणजे गुहेत. त्यातही अगदी आतल्या दालनात, जिथे पाहुण्यांना बसवतात. तिने टेकडीवरून जास्वंदीचे एक रोप उपटून आणले आणि कुंडीत लावले. पाहुणे येऊन वाहवा करून गेले. थोड्याच दिवसांत पाने पिवळी पडली.

तिचे यजमान भास्करराव साधे अस्वल होते. मध खायचे आणि झोपायचे. ते म्हणाले, की तिथे अंधार आहे, रोप बाहेर ठेव. कुमुदिनीला ते पटले नाही. बाहेर ठेवले तर ते जंगलच झाले, असे तिचे म्हणणे होते. आणि त्यात चुकीचे काही नव्हते.

मग ती विश्वंभर वानराकडे गेली. विश्वंभर पूर्वी शहरात एका कॉलेजच्या गच्चीवर राहून आला होता. त्यामुळे जंगलात त्याला विद्वान समजत.

विश्वंभरने पान हुंगले, डोळे मिटले आणि सांगितले, की झाड उपाशी आहे. झाडे कार्बन डायऑक्साइड खातात आणि तुमच्या गुहेत त्याचा पुरवठाच नाही. पण काळजी नको, हा वायू घरच्या घरी करता येतो. दुध्याच्या तुंब्यात गुळाचे पाणी भरायचे, चिमूटभर यीस्ट टाकायचे, तोंडाला पपईच्या पानाचा पोकळ देठ बसवायचा आणि त्याचे टोक कुंडीकडे वळवायचे. वायू वाया जाऊ नये म्हणून गुहेच्या तोंडाशी शिळा लावायची.

कुमुदिनीने सगळे तसेच केले. तुंबे बुडबुडू लागले. शिळेमुळे होता तो उजेडही गेला. जास्वंदीने उरलीसुरली पाने टाकली.

"मात्रा कमी पडतेय," विश्वंभर म्हणाला. त्याने तुंबे वाढवायला सांगितले. शिवाय वाडग्यात खायचा सोडा घालून त्यावर व्हिनेगर ओतायला सांगितले. तरीही फरक पडेना, तेव्हा त्याने विचारले, "श्वासातूनही हाच वायू बाहेर पडतो. घरात कुणी रिकामं बसलेलं आहे का?"

भास्करराव रिकामेच होते.

त्यांना कुंडीशेजारी, तुंब्यांच्या मधोमध आडवे केले गेले. श्वास घेताना तोंड भिंतीकडे आणि सोडताना झाडाकडे, असे त्यांना बजावले होते. पुढे त्यांचे डोके दुखू लागले. छाती धडधडू लागली. त्यांनी ते कुमुदिनीला सांगितले, तिने विश्वंभरला सांगितले, आणि विश्वंभर खूश झाला. वायू तयार होत असल्याचीच ती खूण होती.

एके दुपारी कुमुदिनी गूळ घेऊन परतली. बरोबर विश्वंभर होता. तिने शिळेबाहेरून हाक मारली. आतून ओ आली नाही. पुन्हा मारली, तरी नाही.

विश्वंभर म्हणाला, की फट अगदी लहान ठेवा, सगळा वायू निघून जाईल.

कुमुदिनीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने शिळेला खांदा लावला आणि असा रेटा दिला, की शिळा उतारावरून गडगडत ओढ्याच्या डोहात गेली. आत भास्करराव निपचित पडले होते. तिने त्यांना पाय धरून उन्हात ओढले, तोंडावर पाणी मारले, छाती चोळली. बऱ्याच वेळाने त्यांनी एक दीर्घ श्वास आत घेतला. कुमुदिनी त्यांच्या अंगावर डोके ठेवून रडली. विश्वंभर तोवर झाडावर गेला होता.

शिळा काही डोहातून निघाली नाही. गडगडताना तिने गुहेसमोरची दाट झाडी आडवी केली होती, त्यामुळे आता ऊन थेट आतल्या दालनापर्यंत येऊ लागले. जास्वंदीला कोंब फुटले, पाने आली आणि एके सकाळी लालभडक फूल उमलले.

विश्वंभर खाली उतरला. त्याने सर्वांना समजावले, की वायू झाडात साठलेला असतो, गुण उशिरा दिसतो. जंगलाने कुमुदिनीचा सत्कार ठरवला.

सत्काराला निघताना भास्करराव हळूच म्हणाले, "ते उन्हानं जगलं गं."

"मला कळत नाही का?" कुमुदिनी म्हणाली. "पण तसं सांगितलं, तर तुम्हाला कशासाठी कोंडलं होतं, ते विचारतील सगळे."

कुमुदिनी व्यासपीठावर चढली आणि तुंब्यांवर फार सुंदर बोलली. शेवटी तिने यजमानांच्या सहकार्याचाही उल्लेख केला. टाळ्या पडल्या.

त्या संध्याकाळी जंगलातल्या बहुतेक गुहांच्या तोंडाशी शिळा लागल्या. आतून नवऱ्यांचे खोकणे ऐकू येत होते.

तात्पर्य : कोमेजलेल्या झाडाला ऊन दाखवू नये. त्याने झाड तेवढे जगते, व्याख्यानाला विषय मिळत नाही.