तीन उसने कॅमेरे

"शनिवारी सकाळी फ्रेमवाला शाळेत येणार आहे," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "तोवर माझा फोटो मिळाला नाही, तर ओळखपत्रावरचाच मोठा करून लावणार म्हणे."

त्यांचे यजमान खुर्चीत बसून भिंगांवरचा एक लेख वाचत होते. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, तरी गल्लीत सगळे त्यांना ग्रंथपालच म्हणत. त्यांनी पानात बोट ठेवून मान वर केली. ओळखपत्रावरचा फोटो त्यांना ठाऊक होता. त्यात बाईंचे डोळे मिटलेले होते. तसे ते सगळ्याच फोटोंत मिटलेले असत, अगदी लग्नापासून. एका स्टुडिओवाल्याने सतरा वेळा प्रयत्न केला आणि शेवटी हार मानून, कॉम्प्युटरवर दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे बाईंना बसवून दिले. तो फोटो बाईंनी कपाटात पालथा घालून ठेवला होता. ते डोळे कुणाचे, हे आजवर कळलं नव्हतं. घरात आपल्या दोघांशिवाय आणखी कुणीतरी राहतं, असं ग्रंथपालांना त्यामुळे अधूनमधून वाटत असे.

"जिन्यात आधीच्या सगळ्या मुख्याध्यापकांची रांग आहे," बाई म्हणाल्या. "एकेक कसे टक लावून बघतायत. आणि शेवटी मी, झोपलेली. मी महिनाअखेर निवृत्त होऊन घरी बसेन. पण पुढची पन्नास वर्षं मुलं जाता-येता म्हणणार, या बाई शाळेत झोपा काढायच्या."

"तसं कसं होईल? मी काढणार आहे ना फोटो."

"कशाने?"

ग्रंथपालांनी पुन्हा लेखात डोकं घातलं. चार महिन्यांपूर्वी त्यांनी मोठ्या हिमतीने सांगितलं होतं, की चांगला डिजिटल कॅमेरा घेईन आणि तुझा उघड्या डोळ्यांचा फोटो मीच काढीन. तेव्हापासून ते कॅमेरा निवडत होते. बुटांच्या रिकाम्या खोक्यात त्यांची दोनशे बारा सूचीपत्रं जमली होती. प्रत्येकावर एका कॅमेऱ्याचं नाव, वजन, भिंग आणि दोष. गुण लिहायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. एखादा कॅमेरा पक्का करावा, तर जगात कुठे ना कुठे एक माणूस तो घेऊन पस्तावलेला निघे, आणि चारशे समाधानी माणसांपेक्षा त्या एकट्याचं म्हणणं ग्रंथपालांना जास्त पटे.

दुकानात त्यांच्या नऊ खेपा झाल्या होत्या. दहाव्या खेपेला दुकानदाराने त्यांना स्टूल दिलं आणि स्वतः समोर बसला.

"काका, एक विचारू? तुम्ही आजवर फोटो किती काढलेत?"

"एकही नाही. कॅमेराच नाही ना."

"बरोबर. मग आता वाचन थांबवा. ओळखीच्या लोकांचे कॅमेरे दोन दिवस मागून घ्या, घरी वापरून बघा. हाताला आपोआप कळतं." मग त्याने भर घातली, "आणि त्यानंतरच या. मला काही घाई नाही."

मागून घेणं ही ग्रंथपालांच्या दृष्टीने सोपी गोष्ट नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना पुस्तकं दिली होती, स्वतः कुणाकडून काही घेतलं नव्हतं. तरी फ्रेमवाल्याच्या धाकाने त्यांनी तीन दारं ठोठावली. पहिला कॅमेरा मेहुण्याचा, म्हणजे बाईंच्या धाकट्या भावाचा. दुसरा खालच्या मजल्यावरच्या सर्व्हेयरचा. तो विमा कंपनीसाठी ठोकरलेल्या गाड्यांचे फोटो काढत असे. तिसरा समोरच्या दंतवैद्याचा. तो रोग्यांच्या दातांचे काढी. तिघांनीही खळखळ न करता दिले. गुरुवारी संध्याकाळी परत करतो, असं ग्रंथपालांनी न विचारता तिघांना सांगितलं.

उसन्या वस्तूला जपायचं, हा त्यांचा जुना नेम. दुसऱ्यांच्या फोटोंना आपला हात लागायला नको म्हणून त्यांनी तिन्ही कॅमेऱ्यांतली मेमरी कार्डं काढली आणि टेबलावर ओळीने मांडली: मेहुण्याचं, सर्व्हेयरचं, दंतवैद्याचं. दुसऱ्याच्या वस्तूवर लिहायचं नसतं, म्हणून प्रत्येक कार्डाच्या पुढ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी ठेवली. स्वतःचं एक नवं कार्ड आणलं होतं, तेच ते आळीपाळीने तिन्ही कॅमेऱ्यांत घालत.

दोन दिवस बाई एकाच खिडकीशी, एकाच खुर्चीत, एकाच साडीत बसल्या. एकूण एकसष्ट फोटो निघाले. सगळ्यांत डोळे मिटलेले. कॅमेऱ्या-कॅमेऱ्यात फरक पडला तो एवढाच, की दंतवैद्याच्या कॅमेऱ्यात पापण्या जास्त रेखीव आल्या होत्या.

"तुम्ही तीन म्हणायच्या आधीच दाबता," बाई म्हणाल्या.

"मी आता दोनवरच दाबतोय."

"मग माझे एकवर मिटतात." त्या उठल्या. "उकडतंय किती इथे." आणि त्यांनी पंखा लावला.

टेबलावरच्या तिन्ही चिठ्ठ्या उडाल्या. कार्डं जड, ती जागची हलली नाहीत. ग्रंथपालांनी खुर्चीखालून, कपाटामागून चिठ्ठ्या गोळा केल्या आणि कार्डांपुढे पुन्हा मांडल्या. चौतीस वर्षांची सवय हातात होती. हातांनी त्या वर्णानुक्रमे मांडल्या: आधी दंतवैद्य, मग मेहुणा, मग सर्व्हेयर. मांडणी एकदम नीटनेटकी दिसली. ग्रंथपालांना तर ती आधीपेक्षाही बरोबर वाटली. चिठ्ठी वाचून प्रत्येकाचं कार्ड त्यांनी ज्याच्या त्याच्या कॅमेऱ्यात घातलं आणि गुरुवारी संध्याकाळी सातच्या आत तिन्ही कॅमेरे पोचते केले. परत येताना त्यांचं मन हलकं झालं होतं. फोटो नव्हता, पण निदान कुणाचं काही आपल्याकडे राहिलं नव्हतं.

शुक्रवारी बाई शाळेतून लवकर आल्या. "जाऊ दे," त्या चप्पल काढता काढता म्हणाल्या. "लावू दे झोपलेली. निदान लोक जागं करायला येणार नाहीत." हे त्या सहज म्हणाल्या, पण चहा न घेताच खिडकीशी जाऊन बसल्या. ग्रंथपाल त्यांचा कप घेऊन मागे गेले. तेवढ्यात बेल वाजली.

दारात सर्व्हेयर होता, गळ्यात कॅमेरा.

"ग्रंथपाल, माझं कार्ड तुमच्याकडे राहिलंय का हो? मी सकाळी कंपनीला सहा फोटो पाठवले. न बघता पाठवले, ही माझीच चूक. वर लिहिलं होतं, समोरून धडक, डावी बाजू आत गेलेली."

"मग?"

"तिथल्या साहेबांचा निरोप आलाय. म्हणतात, नुकसान अपघाताचं वाटत नाही, बऱ्याच वर्षांत हळूहळू झालेलं दिसतं. आणि विचारतायत, गाडी शेवटची धुतली कधी."

ग्रंथपाल टेबलाकडे वळले, तोच दंतवैद्य आणि मेहुणा दोघं एकदमच जिना चढून वर आले. दंतवैद्य घाईत अंगातला पांढरा कोट काढायला विसरला होता. मेहुणा मात्र लग्नाला निघाल्यासारखा नटलेला होता, कारण त्याच्या मुलीला बघायला आज दुपारी पाहुणे आले होते.

"भावजी, हे काय केलंत तुम्ही?" मेहुण्याने आपला कॅमेरा ग्रंथपालांच्या हातात कोंबला. "बघा, बघा तुम्हीच यात काय आहे ते."

"आधी माझं ऐका," दंतवैद्य म्हणाला. "माझा रोगी पळालाय."

"माझं काम सरकारी आहे," सर्व्हेयर म्हणाला. ते सरकारी नव्हतं, पण त्याने घाबरून म्हटलं. मग तिघंही एकदम बोलू लागले; कंपनी, टीव्ही, रोगी, सगळं एकात एक.

खिडकीपासून बाई उठून आल्या.

"गप्प," त्या म्हणाल्या. आवाज चढलाही नव्हता. तिघं गप्प झाले. "हा काय बाजार आहे? ओळीत उभे राहा. एकेकाने बोलायचं. डॉक्टर, हात खिशातून बाहेर."

दंतवैद्य लहानपणी त्यांच्याच वर्गात होता. त्याने हात बाहेर काढले आणि सर्व्हेयरशेजारी उभा राहिला. मेहुण्याने कोट सारखा केला.

"चूक यांची आहे, कबूल. पण तुमच्यापैकी एकाला तरी आधी बघावंसं वाटलं? तीन मोठी माणसं. एक कंपनीला पाठवतो, एक टीव्हीला लावतो, आणि बघत कुणीच नाही?"

ग्रंथपाल बाजूला उभे होते. मेहुण्याने बघा म्हटलं म्हणून त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला होता. आतले फोटो त्यातून दिसत नाहीत, हे दोनशे बारा सूचीपत्रं लिहूनही त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं नाही. आत त्यांना बाई दिसल्या. बोट वर, मान ताठ, आणि डोळे टक्क उघडे. मोठे, काळेभोर, लखलखीत. पापणी लवत नव्हती. छत्तीस वर्षांत बाई शेकडो वेळा रागावल्या असतील, पण त्या रागावल्या की ग्रंथपाल खाली बघत. हे दृश्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ते इतके दचकले, की बोट बटणावर रुतलं आणि तिथेच राहिलं. कॅमेरा खटखटखट चालत सुटला.

"तू बोल आधी," बाई भावाला म्हणाल्या.

"ताई, जेवणं झाली. मी म्हटलं, मुलीचे फोटो दाखवू. मुलगी गाडी उत्तम चालवते, हे नुकतंच सांगून झालं होतं. टीव्ही लावला, तर एकामागून एक चुरा झालेल्या गाड्या. चौसष्ट. मला बंद करता येईना."

"पाहुणे काय म्हणाले?"

"मुलाचे वडील म्हणाले, इतकं होऊन मुलीच्या अंगावर ओरखडाही नाही, म्हणजे नशिबाची आहे. होकार दिलाय. फक्त किल्ली हातात द्यायची नाही, ही अट."

बाईंचे ओठ जरासे हलले, पण त्यांनी सावरलं. "डॉक्टर, तुम्ही."

"बाई, रोगी खुर्चीत होता, तोंड उघडून. त्याच्या दातांचा फोटो पडद्यावर लावला आणि मी पाठमोरा हात धूत बोलत होतो." दंतवैद्याने खाली मान घातली. "म्हटलं, नीट बघून घ्या. मागचे दोन्ही हलायला लागलेत, फार दिवस काढायचे नाहीत. मधली ती दाढ रुंद आहे, तिने शेजारच्यांना जागाच ठेवलेली नाही, तिला आज उपटू. बाकीचे घासूनपुसून चालतील. वळून बघतो तर खुर्ची रिकामी, आणि पडद्यावर नऊ माणसांचं कुटुंब."

दंतवैद्य आणि सर्व्हेयर मेहुण्याकडे वळले.

"मागे आपले आई-बाबा आहेत," मेहुणा हळूच म्हणाला. "आणि मधे माझी बायको."

त्यावर बाईंना हसू फुटलं. साधंसुधं नाही. त्यांनी मान मागे टाकली, एका हाताने खुर्ची धरली आणि त्या हसत सुटल्या. बटणावरचं ग्रंथपालांचं बोट सुटलं ते त्या हसण्याच्या दणक्याने.

पुढचा अर्धा तास कार्डं लावण्यात गेला. या वेळी ते काम बाईंनी केलं. मेहुण्याच्या कॅमेऱ्यातलं कार्ड सर्व्हेयरचं निघालं, आणि त्यात शेवटच्या मोडक्या गाडीपाठोपाठ बाई सुरू होत होत्या.

"हे मात्र कंपनीला पाठवू नका," ग्रंथपाल सर्व्हेयरला म्हणाले. त्यांनी केलेला हा त्या दिवसातला एकमेव विनोद, आणि तो विनोद होता की काळजी, हे कुणाला कळलं नाही.

एकूण तेहेतीस फोटो होते. बत्तिसांत डोळे उघडे. ग्रंथपालांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ते एकेक पुढे सरकवत होते आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत होत्या.

"मी अशी दिसते?" बाईंनी विचारलं.

तिघं पाहुणे छताकडे बघू लागले.

"हल्ली जरा कमी," ग्रंथपाल म्हणाले.

बाईंनी बत्तीसच्या बत्तीस फोटो निरखून पाहिले. मग तेहेतिसावा आला. मान मागे, तोंड उघडं, केसांची एक बट सुटलेली, डोळे घट्ट मिटलेले.

"हा," बाई म्हणाल्या.

"पण यात मिटलेत," ग्रंथपाल कळवळून म्हणाले. "चार महिने मी... बत्तीस उघडे आहेत. त्यातला कोणताही घे."

"मिटलेत. पण झोपलेली दिसते का मी?"

नव्हत्या दिसत. फोटोतल्या बाईंना नेमकं काय झालं असेल, हे बघणाऱ्याला विचारावंसं वाटेल, अशा दिसत होत्या. मेहुण्याने मान डोलावली. दंतवैद्य जवळ जाऊन म्हणाला, "दात छान आहेत." शनिवारी सकाळी तो फोटो फ्रेमवाल्याकडे गेला.

कॅमेऱ्याचा प्रश्नही सुटला. "भावजी, हा तुम्हीच ठेवा," मेहुणा जाताना म्हणाला. "टीव्हीला जोडायचा आता मला धीर नाही." ग्रंथपालांनी खोकं धुंडाळलं. त्या कॅमेऱ्याचं सूचीपत्र त्यात नव्हतंच.

महिना संपला, बाई निवृत्त झाल्या. पुढच्या आठवड्यात त्या काही कागद आणायला शाळेत जाऊन आल्या आणि आल्या आल्या ग्रंथपालांसमोर बसल्या.

"नव्या बाई भेटल्या. त्यांची जरा अडचण झालीय. मुलं म्हणे जिन्यात माझ्या फोटोखाली थांबतात, बघून हसत सुटतात आणि वर्गात वेळेवर पोचत नाहीत. रोज दहा मिनिटं जातात त्यांना हलवण्यात."

"मग?"

"त्यांनी विचारलंय, जरा रागावलेला एखादा आहे का माझा."

ग्रंथपाल उत्साहाने उठले. आपण काढलेल्या फोटोला कुणी मागणी करेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "आहेत की. चांगले बत्तीस आहेत. कोणता देऊ?"

"कोणताच नाही. मी सांगितलं, एकही नाही म्हणून."

"अगं, पण का?"

बाईंनी खुर्ची खिडकीजवळ ओढली, पाय वर घेतले आणि खोलीभर पसरलेल्या नवऱ्याच्या पुस्तकांवरून सावकाश नजर फिरवली.

"आता मी दिवसभर घरात," त्या म्हणाल्या. "ते मला इथे लागतील."