गुडघ्यावरचा रुमाल

"घट्ट वढ की जरा."

"वढायलेच की. गुडघा माझा हाय, तुमचं डोस्कं न्हाई."

गुरुबाईच्या गुडघ्यावर नवऱ्याचा, सिद्धलिंगप्पांचा, फेट्यासारखा रुमाल आकार घेत होता. पुरा झाला की तो टोपीसारखा अलगद उचलून ते डोक्यावर ठेवणार होते. हुमनाबादेत त्यांचं कापडाचं दुकान होतं, दुकानात रुमालही विकायला होते; पण स्वतःचा बांधायला त्यांना येत नव्हता. पोलीस ॲक्शनपर्यंत तशी गरजच पडली नव्हती. बाजारातल्या इतर व्यापाऱ्यांसारखी त्यांची लाल रूमी टोपी होती. घातली की झालं. दोन वर्षांपूर्वी निजामाचं राज्य गेलं आणि टोपी ट्रंकेत गेली.

"पांढरी टोपी घाला म्हटलं तर ऐकनात," गुरुबाई पुटपुटली.

"अन् लिंगराज अप्पाला काय सांगू?"

बसवकल्याणच्या लिंगराज अप्पांची लेक बसव्वा त्यांच्या मुलाला, वीरण्णाला पसंत होती. दुसरी मुलगी बघायलाच तो तयार नव्हता. पण अप्पांचा निरोप स्पष्ट होता. नवरा मुलगा बोडका असला तरी चालेल, सासरा रुमालाचा हवा. टोपीवाल्याच्या घरी लेक द्यायची नाही. तीन स्थळं त्यांनी परत पाठवली होती.

सुपारी फोडायला दोघं बसवकल्याणला निघाली. वाटेत बस खड्ड्यात आदळली, सिद्धलिंगप्पांचं डोकं टपाला लागलं आणि रुमाल उलगडत शेजारच्या माणसाच्या मांडीवर पडला.

"सावकार, बांधून घ्या की."

"वारा लागू द्यायलोय," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

उतरल्यावर गुरुबाईनं आडोशाला बसून तो पुन्हा बांधला. "अवो, तिथं मी आत बायकांत असणार. डोस्कं हलवू नका."

"बोलू तरी का?"

"कमी."

अप्पांचा रुमाल बघून सिद्धलिंगप्पांनी मान आणखी ताठ केली. एकेक पीळ जागच्या जागी होता.

"काल लाल टोपी, आज पांढरी," अप्पा म्हणाले, "डोस्कं तेच! माणूस रुमालावरून कळतंय, सावकार."

सिद्धलिंगप्पांनी मान न हलवता होकार दिला.

सुपारी फुटली. सिद्धलिंगप्पा निघायला उठले, तोवर अप्पांनी त्यांना देवघरात नेलं. ताटात दोन कोरे रुमाल होते. व्याह्यांनी डोक्यावरचे उतरवून ते एकमेकांना बांधायचे आणि ओसरीवरच्या वडीलधाऱ्यांपुढं यायचं, असा त्या घरचा रिवाज होता.

"तुम्ही आधी बांधा, अप्पा."

"छे! पाहुण्याचा मान पहिला."

"वयाचा मान मोठा."

"मान-मान करत बसलाव तर सांज व्हईल. बांधा."

सिद्धलिंगप्पांनी बांधला. पहिला फेरा कानावर गेला, दुसरा डोळ्यांवर. तिसऱ्यात अप्पांचं नाक झाकलं.

"दम कोंडायलाय," आतून आवाज आला.

"आमच्या हुमनाबादची तऱ्हाच येगळी हाय," सिद्धलिंगप्पा कसेबसे म्हणाले. आता लग्न मोडणार. वीरण्णाला काय तोंड दाखवायचं?

अप्पांनी डोळ्यांवरचा फेरा वर सरकवला आणि दुसरा रुमाल उचलला. थोड्या वेळानं सिद्धलिंगप्पांच्या हनुवटीखाली गाठ बसली होती. दाढ दुखत असल्यासारखे ते उभे राहिले. अप्पा छताकडं बघत होते.

"अप्पा, झालं का?" ओसरीवरून हाक आली.

"झालंच!" अप्पांनी दाराला कडी घातली आणि मागच्या दारातून दबक्या आवाजात म्हणाले, "बसव्वा, ये लवकर. घागर आण."

बसव्वा आली. दोघांकडं एकदा बघून तिनं दोन्ही रुमाल उतरवले आणि पालथ्या घागरीवर एकामागून एक झपाझप बांधून दिले.

"लेक बांधती तुमचा?" सिद्धलिंगप्पांनी विचारलं.

"लहान होती तवापासून. तुमचा?"

"घरची."

सिद्धलिंगप्पांच्या जिवात जीव आला. "मग झ्याक झालं की! लगीन वैशाखात उरकून टाकू."

अप्पांचा चेहरा उतरला. बसव्वा बाहेर गेल्यावर सिद्धलिंगप्पांचा हात धरून ते हळूच म्हणाले, "वैशाखात? इतकी घाई कामून करायलाव, सावकार? तिच्या आईला अजून पहिला पीळ जमंना."